फंडा बॅरलचा!

यवतमाळात ‘बंदूक’ म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे दुर्गोत्सवातल्या मेळ्यात फुगे फोडायचा स्टॉल. दुसरी म्हणजे नोव्हेंबर २०१८ मध्ये राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात गोळी घालून मारलेली अवनी वाघीण. एक गंमत, तर दुसरा कधी न मिटणारा वाद. याशिवाय एक तिसरी बंदूक असते आणि ती दहा मीटरवरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्याशी झुंजते, हे माझ्या ताईला पटवायला मला दोन दिवाळ्या लागल्या.

कारण होतं माझी भाची. वय वर्षं चौदा. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे पुण्याला आली होती. मी वीकेंडला रेंजवर जातो. (ऑफिसात ‘शूटिंगला चाललोय’ म्हटलं की अजूनही कुणीतरी ‘कुठली सीरियल?’ विचारतंच.) एकदा तिलाही घेऊन गेलो आणि पोरगी अडकली ती अडकलीच. त्यात १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ब्राँझ जिंकलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेलं हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मग काय, ताई-भाऊजींनी बजेट जाहीर केलं, आणि ‘मामा, तूच सांग कोणती घ्यायची’ म्हणून गाडी माझ्यावर येऊन थांबली.

स्वप्नीलचा इव्हेंट ५० मीटरचा, पॉइंट टू-टू रायफलचा. तिला परवाना लागतो. आपलं प्रकरण दहा मीटर एअर रायफलचं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवान्याची गरज नाही. मॅच रायफल तर जेमतेम आठ ज्यूलच्या आसपास असते. पण म्हणून घरी स्प्रिंग बदलून ‘पॉवर वाढवायचे’ उद्योग करायचे नाहीत. वीसच्या वर गेलात की थेट परवान्याच्या हद्दीत. आणि पोपटांवर नेम धरणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, हेही पोरांना पहिल्याच दिवशी सांगून टाकावं.

भाचीची फर्माईश मात्र ठरलेली होती. ‘‘मामा, लांब नळीवाली घेऊ न. थे दूर जाते!’’

‘‘आपल्याले दूर कायले पायजे बाई? भिंत दहा मीटरवरच हाये.’’

हा गैरसमज मोठ्यांचाही असतो. लांब नळी म्हणजे जास्त अचूक, हे सिनेमातलं गणित. जगातल्या नामांकित मॅच रायफलींची बॅरल साधारण ४२ सेंटिमीटरची, म्हणजे हातभरच असते. पुढे जी लांबी दिसते ती पोकळ नळकांडी असते. तिच्या टोकावर फोरसाइट बसते. दोन साइटमधलं अंतर जितकं जास्त, तितकी नेमातली चूक डोळ्याला लवकर कळते, एवढाच त्या लांबीचा उपयोग. छर्‍याला तिच्याशी काही देणंघेणं नाही.

उलट आखूड बॅरल नवशिक्याला माफ करते. चाप ओढल्यावरही छर्रा काही मिलिसेकंद नळीतच असतो. तेवढ्यात खांदा हलला, मान वर झाली, की दहाचा आठ झालाच. छर्रा नळीतून जितका लवकर सुटेल, तितकी आपल्याला गोंधळ घालायला संधी कमी. शिवाय नळीचं वजन पुढे असतं. नियमात साडेपाच किलोपर्यंत मुभा असली, तरी चौदा वर्षांच्या डाव्या हाताला तेवढं वजन साठ शॉट पेलत नाही.

आमच्यासमोर तीन पर्याय होते. स्वस्तातली ‘मोडायची’ रायफल, म्हणजे नळी खाली वाकवून स्प्रिंग दाबायची ती. गच्चीवरच्या मजेसाठी बेस्ट. पण तिच्यात छर्रा बाहेर पडायच्या आधीच पिस्टन धडकतो आणि रायफल हलते. तिला सांभाळायला शिकण्यातच वर्ष जातं. दुसरा पर्याय आपल्याच मातीतला होता. ठाणे जिल्ह्यातल्या प्रेसिहोलची हवा भरून चालवायची पीसीपी. या मंडळींचा मूळ धंदाच धातूत खोल, सरळ भोकं पाडणारी मशिन्स बनवायचा, म्हणजे नळी हा त्यांचा घरचा विषय. पैशातही परवडणारी.

आणि तिसरा पर्याय, नागपुरातल्या एका नेमबाजानं विकायला काढलेली बारा वर्षं जुनी जर्मन मॅच रायफल. नवी घ्यायची तर लाखांत जाते. भाऊजींचा चेहरा लगेच पडला. ‘‘जुनी? नळी घासली असंन न!’’

इथेच खरी गंमत आहे. एअर रायफलची नळी जवळपास घासतच नाही. तिच्यात स्फोट नाही, आग नाही, फक्त हवा आणि मऊ शिशाचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा. नीट वापरली तर लाखो शॉट्स झाले तरी ती तशीच राहते. म्हातारं होतं ते सिलिंडर. दोनशे बार दाबाची हवा धरून बसलेल्या त्या नळकांड्याची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं. तारीख त्याच्यावरच छापलेली असते आणि स्पर्धेत मुदत संपलेलं सिलिंडर चालत नाही. रबरी सीलही बदलावे लागतात. सेकंडहँड घेणारे नेमकी नळी न्याहाळत बसतात आणि सिलिंडरची तारीख वाचत नाहीत!

नळीत बघायचं ते एवढंच. तोंडाची कड, म्हणजे क्राउन. भिंगाखाली ती अखंड गोल दिसली पाहिजे. कुणी लोखंडी गज खुपसून साफसफाई केली असेल तर तिथे ओरखडे दिसतात, आणि छर्रा सुटताना हवा एका बाजूनं निसटून त्याला ढकलते. साफ करायला फेल्टचे छर्रे मिळतात, तेच मागच्या बाजूनं घालावे.

मग खरी परीक्षा. रायफल शिकंज्यात पक्की बांधायची आणि वेगवेगळ्या मापाचे छर्रे मारायचे. सगळे ४.५ चेच म्हणवतात, पण डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं लिहिलेलं असतं. प्रत्येक नळीची आवड वेगळी. आम्ही प्रत्येकी पाच-पाच मारले. ४.४९ चे जरा पसरले, ४.५१ ठीकठाक आणि ४.५० च्या पाचांचं मिळून एकच भोक! त्या कागदाकडे बघून भाऊजी पहिल्यांदा हसले.

सिलिंडरची मुदत उलटून गेली होती, तेवढे पैसे किमतीतून वळते करून घेतले. मूळ बिल आणि आयातीचे कागद तपासून मगच व्यवहार केला. उरलेल्या पैशांत नवं सिलिंडर, हातपंप आणि ४.५० चे एकाच बॅचचे छर्रे आले. बॅच बदलली की टेस्ट पुन्हा करायची, म्हणून डबे जास्तच घेतले. यवतमाळात हवा भरून देणारं कुणी मला सापडलं नाही, तेव्हा पंपाला पर्याय नव्हता. भाऊजींचा व्यायामही होतो.

आता घराच्या लांब ओसरीत एका टोकाला जमिनीपासून १.४ मीटरवर टार्गेट आहे, मागे जाड लोखंडी पत्र्याचा छर्रे पकडणारा खोका. ताईच्या अटी तीन: रायफल कुलपात, सराव चालू असताना ओसरीचं दार आतून बंद आणि शिशाला हात लागला की साबणानं धुतल्याशिवाय पोळीला हात लावायचा नाही. भाची रोज संध्याकाळी चाळीस शॉट मारते, त्यातले तीस बिनछर्‍याचे, नुसता चाप ओढून. परवा फोनवर तिची तक्रार होती, की ‘‘मामा, आईच आता मधे मधे माझ्या नंबरवर हात मारून घेते. आणि काल तिचा नऊ लागला.’’