मागणीपासून कलमापर्यंत : बेकारीविरोधी आंदोलने आणि कोकण

बेकारीविरुद्ध महाराष्ट्रात झालेल्या लोकआंदोलनांचा इतिहास लिहिताना दुष्काळी पठार, गिरणगाव आणि अलीकडे स्पर्धा परीक्षार्थींनी गजबजलेल्या पुण्यातील पेठा यांचा उल्लेख येतो; सिंधुदुर्गाचे नाव मात्र त्यात क्वचितच आढळते. कुडाळ तालुक्यातील कर्ली नदीकाठच्या वालावलसारख्या गावांत बेकारी नाही म्हणून असे घडलेले नाही, तर ती गावात साचून राहत नाही म्हणून घडले आहे. शिक्षण संपलेला तरुण मुंबईची, पुण्याची किंवा गोव्याची वाट धरतो. मागे राहिलेल्यांची गणना शेतकरी म्हणून होते, आणि भाताची लावणी-कापणी व आंबा-काजूचा हंगाम वगळता उरलेल्या महिन्यांत त्यांच्या हातांना काम नसले तरी त्याची नोंद कोठेही होत नाही. अर्थशास्त्र या स्थितीला छुपी बेकारी म्हणते, म्हणजे माणूस कामावर दिसतो, परंतु त्याच्या नसण्याने उत्पन्नात फरक पडत नाही. 2001 च्या जनगणनेत 8,68,825 असलेली सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या 2011 मध्ये 8,49,651 वर आली, आणि त्या वर्षी दर हजार पुरुषांमागे 1,036 स्त्रिया होत्या. कामाअभावी गाव सोडणाऱ्यांचा एवढा स्पष्ट पुरावा दुसरा नाही. पण जो माणूस गावात उरलेला नाही, तो तहसील कचेरीवर मोर्चा नेऊ शकत नाही.

याउलट 1972 च्या दुष्काळात पठारावरील बेकार एकाच जागी गोळा झाले. खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या दुष्काळी कामांवर मे 1973 मध्ये जवळजवळ 50 लाख माणसे राबत होती, आणि ज्यांची शेते एरवी एकमेकांपासून कोसभर दूर होती ते शेतकरी व शेतमजूर एका हजेरीपटावर आले. लाल निशाण, शेतकरी कामगार, समाजवादी आणि कम्युनिस्ट पक्षांच्या कार्यकर्त्यांनी या कामांवर संघटना बांधल्या. मजुरी वेळेवर मिळावी, काम गावाजवळ निघावे, लहान मुलांसाठी पाळणाघर असावे आणि दुष्काळ सरला म्हणून कामे बंद करू नयेत, या मागण्यांसाठी संप, मोर्चे आणि घेराव झाले. काम हे सरकारने केलेले साहाय्य नसून मजुराचा हक्क आहे, ही जाणीव या मोर्चांतून रुजली.

विधिमंडळाच्या आतही या मागणीला वाट होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात कामाच्या हमीचा प्रयोग दुष्काळापूर्वीच मांडला होता. 1975 मध्ये व्यवसाय कर बसवून, म्हणजे शहरातील पगारदार व व्यावसायिक यांच्याकडून पैसा घेऊन, ग्रामीण मजुरीची तरतूद झाली. 1977 मध्ये महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम संमत झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून 15 दिवसांत ते न मिळाल्यास बेकारी भत्ता देण्याचे बंधन त्याने शासनावर घातले. संविधानाच्या अनुच्छेद 41 मध्ये कामाचा हक्क केवळ मार्गदर्शक तत्त्व आहे, म्हणजे न्यायालयातून मागता न येणारे उद्दिष्ट. त्याला देशात प्रथम कायद्याचे बळ मिळाले ते येथे, आणि 2005 चा राष्ट्रीय कायदा याच वाटेने गेला. रस्त्यावरील दबाव आणि सभागृहातील तयारी यांपैकी एक जरी नसते, तरी हा कायदा झाला नसता.

कोकणात या कायद्याचे मातीकाम फारसे रुजले नाही. लांब पावसाळा, जांभ्याची जमीन, तुकड्यातुकड्यांची मालकी आणि मुंबईहून येणारी मनिऑर्डर या सर्वांनी मागणीची धार बोथट केली. 1990 मध्ये रोजगार हमीशी फळबाग लागवडीची योजना जोडली गेली तेव्हाच कोकणाला या हमीचा खरा लाभ झाला, आणि पडीक कातळउतारांवर काजूची व आंब्याची कलमे उभी राहिली. हा लाभ मोलाचा आहे. मात्र तो जमीन असलेल्याला मिळाला, भूमिहीनाला नाही.

कोकणातील बेकारांचे मोठे आंदोलन झाले ते कोकणाबाहेर. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्यांतील असंख्य चाकरमानी, म्हणजे मुंबईत नोकरी करणारे कोकणी, मुंबईत निभाव लागेना तेव्हा गावी परतले. पुढे दत्ता इस्वलकर यांच्या नेतृत्वाखाली बंद गिरण्यांच्या कामगारांनी उपोषणे केली, मोर्चे काढले, गिरण्यांच्या जमिनीत वाटा मागितला. 2012 मध्ये 6,925 घरांची सोडत निघाली, ती या चिकाटीमुळेच. परंतु कामाची मागणी घराच्या मागणीत विरून गेली, आणि हे अपयश आंदोलकांचे कमी, जमिनीला यंत्रांपेक्षा अधिक भाव आल्यावर डोळे मिटून घेणाऱ्या धोरणाचे अधिक आहे.

अलीकडची आंदोलने वेगळ्या जातीची आहेत. 11 मार्च 2021 रोजी राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे ढकलली जाताच पुण्यात परीक्षार्थी रस्त्यावर उतरले आणि दुसऱ्याच दिवशी 21 मार्च ही नवी तारीख जाहीर झाली. कंत्राटी भरतीचा 6 सप्टेंबर 2023 चा शासन निर्णयही विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये रद्द झाला. शासन निर्णय हा प्रशासनाचा आदेश असतो. तो सहीने निघतो आणि सहीनेच मागे घेता येतो, म्हणून असे यश लवकर मिळते. नवा हक्क निर्माण करण्यास त्याहून कितीतरी दीर्घ बांधणी लागते.

सिंधुदुर्गनगरीत जिल्हाधिकारी कार्यालयासमोर डी.एड. पदविकाधारकांनी केलेल्या उपोषणांत हा फरक जाणवतो. शिक्षक भरतीत स्थानिकांना प्राधान्य मिळावे ही त्यांची मागणी स्वाभाविक आहे, पण संविधानाचा अनुच्छेद 16 रहिवासाच्या आधारे सरकारी नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करतो आणि त्याला अपवाद करण्याचा अधिकार विधानसभेला नव्हे, संसदेला देतो. निवेदन योग्य दारी गेले नाही, तर खऱ्या तळमळीचे उपोषणही केवळ आश्वासनावर सुटते. रिक्त पदे ठरावीक मुदतीत भरावीत ही मागणी मात्र आमदाराच्या आवाक्यातली आहे. त्यासाठी तो तारांकित प्रश्न विचारू शकतो, म्हणजे ज्याचे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते असा प्रश्न, किंवा लक्षवेधी सूचना देऊन तातडीचा विषय चर्चेला आणू शकतो.

288 जणांच्या विधानसभेत सिंधुदुर्गाचे आमदार तीन : कुडाळ, कणकवली आणि सावंतवाडी. एवढ्या थोड्या बळावर संख्येचा दबाव उभा राहत नाही, तो नोंदींचा उभा करावा लागतो. चतुर्थीला घरोघरी परतलेल्या चाकरमान्यांसह वालावलमध्ये आणि शेजारच्या गावांत वाडीवार बेकारांची यादी व्हावी, ती ग्रामसभेच्या ठरावाला जोडली जावी, आणि काम मागणारा प्रत्येक अर्ज लेखी देऊन त्याची तारीख घातलेली पोच घेतली जावी. कारण रोजगार हमीच्या कायद्यातले 15 दिवस मोजले जातात ते काम मागितल्याच्या तारखेपासून.