टोपीची जुनी बंदूक : शौक, व्यापार आणि कायदा

जुना वाडा पाडताना, गढीतील अडगळ काढताना किंवा भंगाराचा ढीग निवडताना कधीकधी लांब नळीची एखादी बंदूक हाती लागते. नांदेड, कंधार, उदगीर, औसा या निजामी अमदानीतील गावांत असे घडले तर नवल नाही. शौकीन लोक अशा वस्तूला चांगली किंमत देतात, हे आपले जुन्या सामानाचे व्यापारी, लोहार आणि शिकलगार बांधव ऐकून असतात. परंतु हा सौदा तांब्यापितळेच्या भांड्यांसारखा नाही. येथे लहानशी चूक माणसाला कोर्टात नेऊ शकते. म्हणून माल आणि कायदा या दोन्ही गोष्टी समजून घेणे जरूर आहे.

प्रकार कोणता?

ठासणीच्या बंदुकीत दारू व गोळी नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासतात. बार पेटवण्याच्या रीतीवरून तिचे तीन मुख्य प्रकार पडतात. तोडेदार बंदुकीत जळती वात दारूला लागते. पत्थरकल्यात गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडते. टोपीदार बंदुकीत नळीच्या मागच्या टोकाजवळ एक पोकळ खुंटी असते, तिला निप्पल म्हणतात. तिच्यावर स्फोटक मसाल्याची तांब्याची छोटी टोपी बसवतात. घोडा टोपीवर आपटला की ज्वाळा खुंटीतून आत जाऊन दारू पेटते.

या युक्तीचे मूळ पेटंट स्कॉटलंडचे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ साली घेतले. तांब्याची टोपी त्यानंतर आली. ही तारीख व्यापाऱ्याने पाठ करून ठेवावी. उदगीरची लढाई १७६० साली झाली. इब्राहिमखान गारदी यांच्या तोफखान्याने ती गाजवली. टिपू सुलतान १७९९ साली शहीद झाले. तेव्हा ‘उदगीरच्या लढाईतली’ किंवा ‘टिपूच्या फौजेतली’ म्हणून कोणी टोपीदार बंदूक दाखवली, तर ती बतावणी समजावी. फार तर मूळ पत्थरकला पुढे टोपीवर बदललेला असेल. तसे असल्यास कळेच्या पत्र्यावर बुजवलेली जुनी भोके दिसतात.

प्रत्येक लांब बंदुकीला रायफल म्हणणे हीही चूक आहे. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल प्रसिद्ध आहे. तिची नळी ३९ इंच, आतील व्यास ०.५७७ इंच आणि आटे तीन. १८५७ चा भडका उडाला तो याच रायफलीच्या काडतुसांवरून. त्यानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांना गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. दिसायला दोन्ही सारख्या, पण शौकिनाच्या लेखी माल वेगळा. अस्सल नमुने पाहून नजर तयार करायची असेल, तर हैदराबादचे सालारजंग म्युझियम आणि पुण्याचे राजा केळकर संग्रहालय येथील शस्त्रे अवश्य पाहावीत.

आधी जीव सांभाळा

जुन्या नळीत जुना बार तसाच राहिलेला असू शकतो, आणि कोरडी राहिलेली काळी दारू वर्षानुवर्षे पेट घेऊ शकते. म्हणून नळीच्या तोंडासमोर उभे राहू नये, घोडा ओढून पाहू नये. नळीला भट्टी दाखवू नये किंवा गॅसने कापू नये. बाजूला राहून लाकडी काठी नळीत हलकेच सोडावी, तोंडापाशी खूण करावी आणि तीच काठी बाहेरून नळीला लावावी. काठीचे टोक निप्पलच्या बरेच अलीकडे थांबत असेल, तर आत काहीतरी आहे. मग हात न लावता पोलिसांना कळवावे.

‘जुनी म्हणजे मोकळी’ हा गैरसमज

१९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ४५ जुन्या शस्त्रांना सूट देते. पण त्यातली अट नीट वाचावी. जुनाट नमुन्याचे, पुरातन मोलाचे किंवा नादुरुस्त शस्त्र, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्यालाच ही सूट आहे. नुसते वय पुरेसे नाही. शेताच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना याच कायद्यात सांगितला आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत चालू ठासणीची बंदूक ही बंदूकच आहे.

सर्वांत मोठा धोका कारागिराला आहे. गिऱ्हाईक म्हणते, “उस्ताद, एवढा घोडा बसवून द्या, निप्पल नवे करा.” काम तासाभराचे, मजुरी थोडी. पण बिगरपरवाना बंदूक दुरुस्त करणे, बदलणे किंवा विकणे यांना २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. जी वस्तू मेलेली म्हणून कदाचित सुटली असती, ती कारागिराच्या हाताने जिवंत होते. हे काम ओळखीखातरही घेऊ नये.

वारशाने आलेल्या चालू बंदुकीलाही परवाना लागतो, आणि २०१९ पासून एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. परवाना नसेल तर बंदूक लपवू नये. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी. वस्तू सुटीत बसते की नाही याचा निर्णय आपण करू नये. जिल्हाधिकारी कचेरीच्या शस्त्र परवाना शाखेत अर्ज देऊन लेखी उत्तर घ्यावे.

परदेशी गिऱ्हाईक

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंतच्या बंदुका पुराण वस्तू मानल्या जातात, म्हणून तेथे शौकीन पुष्कळ. पण तो कायदा आपल्याला लागू नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपुढील अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. त्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे. देशात अशा वस्तूंचा धंदा करायचा तर त्याचाही परवाना लागतो.

कायदेशीर वस्तू हाती असेल, तर तिला एमरीने घासून चमकवू नये. जुना रंग व ठशांच्या खुणा गेल्या की मोलही गेले. कोरडे फडके आणि हलके तेल पुरेसे आहे. बदललेला भाग, जोड किंवा ऐब गिऱ्हाइकाला आधी सांगावा. कागद मात्र पूर्ण असावेत. ते नसतील, तर सौदा कितीही फायद्याचा दिसला तरी सोडून द्यावा. एका बंदुकीच्या नफ्यासाठी चालते दुकान धोक्यात घालणे शहाणपणाचे नाही.