नियम कारखान्यावर जातो तेव्हा
(तापट मुलांचं संगोपन : लेख पाचवा)

दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बीड जिल्ह्यातली शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी तालुक्यांतली कितीतरी गावं अर्धी रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फेडायला तो पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. काही लेकरं आई-बापाबरोबर कोपीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, जातात, काहींची सोय हंगामी वसतिगृहात होते, बरीचशी आजी-आजोबांपाशी राहतात. आजचा विषय शिस्त आहे, आणि तापट मुलाच्या शिस्तीचा पेच या घरांइतका उघडा मला दुसरीकडे दिसत नाही.

असं एक घर धरू. नऊ वर्षांचा पोरगा शाळेतून आलाय. दुपारच्या खिचडीनंतर पोटात काही नाही. त्याला आजीचा मोबाइल हवाय. आजी म्हणते, "आधी भाकर खा." तो ओरडतो. "देत नाही, जा," म्हणताच हंडा लाथेनं कलंडतो, शिव्या सुरू होतात, मग पोरगा भिंतीवर डोकं आपटायला लागतो. पाच मिनिटांत आजीचा धीर सुटतो. "घे बाबा, घे, पण डोकं नको आपटू." घर शांत. रात्री साखर कारखान्यावरून फोन येतो, आजी गाऱ्हाणं सांगते आणि पलीकडून बापाचा आवाज येतो, "आल्यावर बघतो तुझ्याकडं!" बाप येणार मार्च-एप्रिलात.

त्या पाच मिनिटांत काय घडलं, हे अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातले मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांतल्या भांडणांची बारकाईनं नोंद करून दाखवलं. त्यांचं मुख्य पुस्तक १९८२ चं. मोठं माणूस काही सांगतं, मूल भडकतं, मोठं माणूस माघार घेतं, भडका थांबतो. मूल शिकतं की भडकलं की मिळतं. आजीही शिकते की दिलं की कटकट मिटते. दोघांनाही लगेच बक्षीस मिळतं, म्हणून दोघंही उद्या तेच करतात. यात लाडाचा किंवा वाईट वळणाचा प्रश्न दुय्यम आहे. थकलेलं कुठलंही घर यात सापडतं.

बाप परतल्यावर हेच चक्र उलटं फिरतं. पोरगा भडकतो, बाप दोन ठेवून देतो, पोरगा गप्प होतो. इथं बक्षीस बापाला मिळतं, त्यामुळे पुढच्या वेळी हात आणखी लवकर उठतो. मुलाला राग आवरण्याची कुठलीही युक्ती त्यातून मिळत नाही. ज्याचा आवाज आणि हात मोठा, त्याचं चालतं, एवढंच कळतं. आणि हा धडा तो धाकट्या बहिणीवर गिरवतो. शाळेत मारण्याला शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं बंदी आहे. घरातल्या माराला स्वीडननं १९७९ मध्ये कायद्यानं मनाई केली. आपल्याकडे अजून "आम्हीबी मार खाऊनच मोठे झालो" हे वाक्य वादाचा शेवट समजलं जातं. शांत स्वभावाचं मूल मार खाऊनही निभावून नेतं. भडकणाऱ्या मुलाचा भडका मारानं वाढतो.

म्हणजे सहा महिने माघार आणि सहा महिने मार. ऊसतोडीच्या घरात नियम बापाबरोबर कारखान्यावर जातो, हे खरं दुखणं. नियम मागं राहणाऱ्या माणसाच्या हातात हवा. गाडी निघण्याआधी एका संध्याकाळी आई, बाप, आजी आणि स्वतः मूल असे चौघं बसून तीनच गोष्टी ठरवा. उदाहरणार्थ, कुणावर हात टाकायचा नाही, वस्तू फोडायची नाही, मोबाइल जेवणानंतर अर्धा तास. मोडल्यास काय, तेही तेव्हाच ठरवा. ते लहान असावं, त्याच दिवशी संपावं आणि सत्तरीच्या आजीला एकटीनं पार पाडता यावं. हंडा कलंडला तर शांत झाल्यावर पाणी त्यानंच पुसायचं, त्या दिवशीचा मोबाइल बंद. उपाशी ठेवणं, कोंडणं, "तुला वसतिगृहात टाकते" अशी धमकी, हे नको. आई-बापापासून आधीच तुटलेल्या लेकराला ती धमकी फार खोल लागते. फोनवरही बापानं आधी दिवसभरात काय नीट केलं ते विचारावं. गाऱ्हाणं आजीनं मुलाच्या माघारी सांगावं.

एक इशारा द्यायलाच हवा. आजीनं माघार घेणं थांबवलं की पहिले काही दिवस भडके वाढतात, कारण जुनी किल्ली का चालत नाही म्हणून मूल जोर लावून बघतं. नेमकं इथंच "काही उपयोग नाही" म्हणून घरं हात टेकतात. आठव्या दिवशी दिलेला मोबाइल त्याला आठ दिवस रडण्याची ताकद शिकवतो.

भडका चालू असताना शिकवायला जाऊ नका. विळा-कोयता बाजूला ठेवा, धाकट्यांना बाहेर न्या, बोलणं एका वाक्यावर आणा आणि थांबा. त्या क्षणी उपदेश कानात शिरत नाही.

खरी कमाई भडक्याच्या आधी आहे. "द एक्सप्लोझिव्ह चाइल्ड" हे पुस्तक लिहिणारे रॉस ग्रीन यांचा मुद्दा असा, की या मुलांना नीट वागायचं नसतं असं नाही. मनासारखं न झालेलं सोसण्याचं आणि ऐनवेळचा बदल स्वीकारण्याचं कौशल्य त्यांच्यात कच्चं असतं. म्हणून शांत वेळी मुलाला विचारायचं की अडतं कुठं, आणि दोघांनी मिळून तोड काढायची. ग्रीन यांची पद्धत निवांत वेळ असलेल्या आई-बापांना सोपी, हे मान्य. पण आजीलाही एवढं दिसतं की भडका रोज पाच वाजताच उडतो. घरात पाऊल टाकताच हातात भाकरी दिली, तर निम्मी लढाई होतच नाही.

मात्र सगळं शिस्तीनं सुटत नाही. मुलांमधलं नैराश्य अनेकदा रडण्यातून न दिसता चिडचिडीतून दिसतं. पूर्वी शांत असलेलं मूल अचानक बदललं, झोप उडाली, मरणाची भाषा करू लागलं किंवा हत्यार उचलू लागलं, तर ऊसतोड संपायची वाट पाहू नका. दृष्ट काढायची असेल तर काढा, पण देवऋषाच्या दारात महिने घालवू नका. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी बीडच्या जिल्हा रुग्णालयात करता येते. जाणं शक्य नसेल तर केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस'चा क्रमांक १४४१६ आहे. तिथं चोवीस तास, मराठीत आणि मोफत बोलता येतं. हा फोन आजीही लावू शकते आणि कोपीवरून आईही.

पुढच्या आठवड्यात औषधांविषयी : ती कधी लागतात, आणि कधी मुळीच लागत नाहीत.