दोरी आवळण्याआधी जमीन पाहा

टू पोस्ट लिफ्टवर गाडी चढवली आणि एका बाजूचे आर्म दुसऱ्या बाजूपेक्षा दोन बोटे खाली राहिले, की घरच्या गॅरेजमध्ये पहिला हात पान्याकडे जातो. खांबातल्या वायर रोपचा नट दोन आटे आवळला जातो, लिफ्ट डोळ्यांना सरळ दिसू लागते आणि काम पुढे सुरू होते. इलाज बिनखर्चाचा असल्याने तो सगळ्यांना पटतो, पण पुष्कळदा तो चुकीचा असतो. रोप ढिला पडणे हा बिघाडाच्या साखळीतला बहुधा शेवटचा दुवा असतो. बीड जिल्ह्यासारख्या भागात त्या साखळीचे पहिले टोक खांबाखालच्या काळ्या मातीत असू शकते, आणि तिकडे कुणी बघतच नाही.

आधी लिफ्टची रचना समजून घेऊ. नेहमीच्या हायड्रॉलिक लिफ्टमध्ये दोन्ही खांबांत एकेक सिलिंडर असतो, पंप मात्र एकच. पंपातून निघालेले ऑइल दोन फाट्यांनी दोन्हीकडे जाते आणि जिकडे ओझे कमी, तिकडे आधी शिरते. गाडीचे वजन दोन्ही अंगांना अगदी सारखे कधीच नसते. नुसत्या ऑइलवर सोडले तर हलकी बाजू वर आणि जड बाजू मागे, असेच होईल. म्हणून आर्म ज्यांवर बसतात ते खांबातले सरकते कॅरेज पोलादी रोपांनी एकमेकांना जोडलेले असतात. एक बैल पुढे रेटू लागला तरी जू त्याला जोडीदाराला सोडून जाऊ देत नाही, तसे हे रोप पुढे गेलेल्या कॅरेजबरोबर मागे राहिलेल्याला ओढून घेतात. गाडीचा सगळा भार सिलिंडरांनी पेलायचा आणि रोपाने फक्त दोन बाजूंमधला फरक मिटवायचा, अशी ही वाटणी आहे. ग्रामीण भागात कमी व्होल्टेजला दोष द्यायची सवय असते. पण एकाच मोटरवर एकच पंप चालत असेल तर व्होल्टेज पडल्यावर दोन्ही बाजू सारख्याच मंदावतील. तिरपेपणाशी त्याचा संबंध नाही.

लिफ्ट नेमकी कधी तिरपी होते, यावरून दोषाची जागा बरीचशी कळते. त्यासाठी गाडी उतरवून रिकामी लिफ्ट छातीइतकी वर न्यावी. वर जाताना दोन्ही खांबांतली सेफ्टी लॉक खाचांवरून टक्-टक् वाजत जातात. दोन्हीकडचा आवाज जवळजवळ एकाच वेळी यायला हवा. एक आवाज सतत मागे राहत असेल तर ती बाजू खरोखरच मागे आहे. चढताना झटके बसत असतील तर सिलिंडरात हवा अडकल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी रिकामी लिफ्ट काही वेळा पूर्ण वर-खाली करून किंवा कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या पद्धतीने हवा काढावी लागते. उतरताना एकच बाजू अडकत असेल तर प्रकरण जास्त गंभीर आहे. पुष्कळ लिफ्टमध्ये पलीकडच्या खांबाचे लॉक एका बारीक तारेने ओढून सोडवले जाते. ती तार सैल झाली की पलीकडचे लॉक खाचेतच राहते, अलीकडची बाजू उतरत जाते आणि गाडी कलंडते. त्या क्षणी लिव्हर सोडून लिफ्ट पुन्हा थोडी वर घ्यायची. हातोडीने लॉक ठोकायचे नाही आणि गाडीखाली तर जायचेच नाही. लिफ्ट खाली येताना एक कॅरेज करकरत असेल तर तो ज्या नायलॉनच्या ठोकळ्यांवर सरकतो ते झिजलेले किंवा कोरडे पडलेले असू शकतात.

दोन्ही कॅरेज खालून मोजून एकाच क्रमांकाच्या खाचेवर टेकवले आणि तरीही फरक राहिला, तर जमिनीकडे वळायला हवे. इथे टेप फसवतो, कारण फरशी उतरती असेल तर फरशीपासून घेतलेले माप खोटेच येणार. गवंड्याची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी यासाठी उत्तम. आधी तिची दोन टोके दोन्ही खांबांच्या बुडाशी धरून पातळी पाहावी, मग कॅरेजशी. दोन्हीकडे फरक सारखाच निघाला तर लिफ्ट निर्दोष आहे, खाली-वर आहे ती जमीन. त्यानंतर प्रत्येक खांबाला दोन बाजूंनी ओळंबा लावावा. खांब कलला असेल तर कॅरेजचे ठोकळे एकाच कडेने घासतात. घर्षण वाढले की ती बाजू मागे राहते, तिला ओढण्याचा ताण रोपावर येतो आणि रोप लांबतो. अशा लिफ्टचा नट आवळणारा माणूस कललेल्या खांबाचे ओझे रोपाच्या गळ्यात घालत असतो.

बीडमध्ये याला एवढे महत्त्व का, तर इथल्या मातीमुळे. बालाघाटच्या माथ्यावर पाटोदा, आष्टी, धारूरकडे हलकी, मुरमाड जमीन पुष्कळ आहे. गोदावरी आणि सिंदफणेच्या अंगाला गेवराई, माजलगाव, परळीकडे मात्र खोल काळी माती लागते. बेसाल्टपासून बनलेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळल्यावर आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा आणि जुन्या घरांच्या भिंतींना जाणारे तडे यांचे कारण एकच आहे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने बुडाशी फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल विकसित केले, ते अशाच जमिनीसाठी. घराचा पाया घालताना आपण हे ध्यानात ठेवतो. लिफ्ट बसवताना मात्र शेडमधल्या शहाबादी फरशीला भोके पाडून अँकर बोल्ट ठोकतो! फरशी ही जमिनीवर टेकवलेली पातळ लादी आहे. बोल्टला धरून ठेवण्याची ताकद तिच्यात नाही. बऱ्याच कंपन्या खांबाखाली किमान चार इंच जाडीचे सलग, चांगल्या प्रतीचे काँक्रीट मागतात. मे महिन्यात भेगाळलेल्या मातीवर उभा केलेला खांब सप्टेंबरात फुगलेल्या मातीवर तसाच ओळंब्यात राहील, याची खात्री कोण देणार?

यावर अनुभवी फिटर म्हणेल, नव्या लिफ्टचा रोप सुरुवातीला लांबतोच आणि तो आवळायला कंपनीच सांगते. हे अगदी खरे आहे. नव्या वायर रोपचे पीळ भाराखाली घट्ट बसतात आणि लांबी थोडी वाढते, त्यामुळे सुरुवातीला एक-दोनदा नट फिरवणे हा देखभालीचाच भाग आहे. तेही लिफ्ट लॉकवर टेकवून आणि गाडी उतरवूनच करायचे. पण लिफ्ट जुनी झाल्यावरही दर काही महिन्यांनी आटे कमी पडत असतील, तर रोप नवेपणामुळे लांबतो आहे असे म्हणता येत नाही. एखादी तार जरी तुटून बाहेर आलेली दिसली तरी आवळण्याचा विचार सोडून रोप बदलायच्या तयारीला लागावे.

दोन बोटांच्या फरकाने काय बिघडते, हा दुसरा आक्षेप. गाडी लगेच घसरत नाही, हे मान्य. धोका लॉकमध्ये आहे. लॉकच्या खाचा काही इंचांच्या अंतराने असतात. पुढची बाजू खाचेवर पोचते आणि मागची तिच्या जेमतेम खाली राहते. लिफ्ट टेकवली की एकच लॉक भार घेते, दुसरी बाजू ऑइल आणि रोपाच्या भरवशावर लोंबकळत राहते. बोलेरोसारखी दीड टनावरची गाडी डोक्यावर असताना हा भरवसा फार महाग पडेल. 1948च्या कारखाना अधिनियमाने वजन उचलणारी यंत्रे आणि त्यांचे दोर 12 महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासून घेण्याचा नियम घालून दिला. घरच्या शेडमध्ये बाप-लेक मिळून चालवतात ते गॅरेज त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नव्हते. तिथे तपासनीस येत नाही, म्हणून ही जबाबदारी मालकाने स्वतःच उचलायला हवी.

खर्चाचा आक्षेप सगळ्यात खरा आहे. सिलिंडरचे सील, रोप बदलणे आणि खांब पुन्हा बसवणे ही कामे जाणकाराचीच आहेत आणि त्याला बाहेरगावाहून बोलवावे लागले तर दिवस मोडतो. पण पाया एकदाच घालायचा असतो. फरशी काढावी, काळी माती शक्य तितकी उपसावी, मुरूम थराथराने पाणी मारून ठोकून बसवावा, सळई घालून काँक्रीट ओतावे आणि 28 दिवस मुरू दिल्यावरच अँकर बोल्ट मारावेत. शेडच्या पत्र्यावरून गळणारे पाणी खांबाच्या बुडाशी मुरणार नाही, अशी पन्हळ लावावी, कारण माती फुगायला पाणीच लागते. पावसाळा सरला की ओळंबा पुन्हा लावून पाहावा, बोल्ट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला तपासावेत आणि रोपाचा नट जेव्हा फिरवाल तेव्हा तारीख आणि किती आटे फिरवला हे खांबावरच रंगाने लिहून ठेवावे. पुढे जो फिटर येईल, त्याला दोष शोधताना या नोंदीचा मोठा आधार होईल.