पिंपात नेमकं काय आहे?
गोळीमागचा कारखाना : भाग ७

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या औषधकारखान्यांत पावसाळ्याची दमट हवा कशी थोपवतात, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज स्टोअरच्या दारात थांबू. पातळ औषधांमधून झालेल्या विषबाधेच्या घटना पाहिल्या, तर विष पुन्हापुन्हा याच दारातून, कच्च्या मालाच्या पिंपातून आत आलेलं दिसतं.

खाडीपलीकडे, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत १४ रुग्ण दगावले. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब उतरावा म्हणून त्यांना ग्लिसरीन पाजलं होतं. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. हे कारखान्यांत वापरायचं द्रावक. पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी करतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा पुरवठादारापासून रुग्णालयाची खरेदी आणि अन्न व औषध प्रशासनापर्यंत सगळी साखळीच दोषी दिसली. पुढे १९८८ मध्ये औषध नियमावलीतल्या ‘शेड्यूल एम’मध्ये उत्तम उत्पादन पद्धती, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातलं ‘जीएमपी’, सविस्तर घालण्यात आली. २००१ मध्ये तिची मोठी दुरुस्ती झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती जवळजवळ नव्याने लिहिली गेली.

डायएथिलीन ग्लायकॉल ओळखणं डोळ्यांचं काम नाही. ते ग्लिसरीनसारखंच स्वच्छ, दाटसर आणि गोड असतं, शिवाय स्वस्त. म्हणून भेसळ करणाऱ्याला मोह होतो आणि घेणाऱ्याला संशय येत नाही. ग्लिसरीनमध्ये त्याचं प्रमाण ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नको, अशी मर्यादा आहे. ते मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो.

चांगल्या प्लांटमध्ये म्हणूनच पिंप उतरलं की पहिल्यांदा त्याच्यावर पिवळं लेबल चढतं : क्वारंटाइन. पुरवठादार मंजूर यादीत आहे का, सील शाबूत आहे का, बॅच क्रमांक चलनाशी जुळतो का, हे स्टोअरवाला पाहतो आणि माल वेगळ्या, कुलूपबंद जागेत ठेवतो. मग क्यूसीचा माणूस नमुने घ्यायला येतो. पंचवीस पिंपं आली, तर सविस्तर चाचणीसाठी वर्गमूळ अधिक एक, म्हणजे सहा पिंपांतून नमुने घेण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. पण ‘हे ग्लिसरीनच आहे ना’ ही ओळख पंचविसाच्या पंचवीस पिंपांची पटवून घ्यायची असते. एका खेपेत चोवीस पिंपं चांगली आणि एक घातक असू शकतं, आणि वर्गमूळाच्या हिशेबातून ते एक सहज निसटतं. अहवाल बरोबर आला की हिरवं लेबल. नाही तर लाल, आणि माल वेगळ्या खोलीत कुलपाआड.

पुरवठादाराचं विश्लेषण प्रमाणपत्र सोबत येतंच. त्यावर भिस्त ठेवून पिंप थेट डिस्पेन्सिंगला पाठवण्याची घाई मोठी असते : ऑर्डर थांबलेली, टाकी रिकामी, शिफ्टचे लोक बसून. इथे प्लांट व्यवस्थापनाचा खरा कस लागतो. नियम सांगतो, उत्पादनप्रमुख आणि गुणवत्ताप्रमुख एकमेकांच्या हाताखाली नसावेत. माझ्या मते जीएमपीतलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच. स्वच्छ फरशी, चकचकीत यंत्रं, एअर शॉवर पैसे टाकून मिळतात. पण उत्पादन थांबवणारी सही करणाऱ्या केमिस्टला त्या सहीबद्दल संध्याकाळी जाब विचारला जाणार नाही, हे वातावरण वरच्या माणसाने रोज राखावं लागतं. छोट्या युनिटमध्ये मालक, उत्पादनप्रमुख आणि खरेदी अधिकारी एकच असतो. तिथे तर ही भिंत अधिक जाड हवी.

अलीकडची जखम फार दूरची नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नागपूरच्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने लहान मुलं दगावली. त्यांतल्या काहींवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार झाले होते. तामिळनाडूत तयार झालेल्या त्या ‘कोल्ड्रिफ’च्या एका बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. म्हणजे बाटलीतलं जवळपास निम्मं. १ जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांची सरकारी किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची झाली होती. गॅम्बियातल्या मुलांच्या मृत्यूंनंतर ती आली. पण छिंदवाड्यातलं औषध देशातच विकलं जात होतं. परदेशी मुलासाठी लावलेली चाचणी आपल्या मुलासाठी आधीच सक्तीची असायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

तयार बाटली तपासून हा प्रश्न सुटेल, असं अनेकांना वाटतं. तयार मालाची तपासणी हवीच, पण ती नमुन्याची असते. एका बॅचमध्ये हजारो बाटल्या आणि प्रयोगशाळेत त्यांतल्या थोड्याच. पिंपाच्या दारात अडवलेलं विष मात्र एकाही बाटलीत पोचत नाही, आणि चाचणीचा खर्च औषधाच्या किमतीपुढे किरकोळ असतो.

नव्या शेड्यूल एमने या तपासण्यांच्या नोंदी, पुरवठादाराचं ऑडिट आणि चूक झाल्यावरची मूळ कारणाची शोधाशोध यांना जास्त वजन दिलं आहे. मोठ्या कंपन्यांसाठी ती आधी लागू झाली. छोट्या-मध्यम उद्योगांना मुदतवाढ मिळून ३१ डिसेंबर २०२५ ही तारीख ठरली.

हिरवं लेबल लागलेलं पिंप आता डिस्पेन्सिंगच्या खोलीत जाईल. तिथे दोघांच्या डोळ्यांदेखत एकच वजन कसं आणि का नोंदवतात, ते पुढच्या आठवड्यात.