मुलामुलींचा बास्केटबॉल विश्वचषक आणि डोक्यावरच्या स्कार्फचा नियम

मागच्या सत्रातली गोष्ट. आठवीतल्या एका विद्यार्थिनीचे अब्बा शाळेत भेटायला आले. मुलगी उंच, चपळ, हातातला चेंडू कधी सुटत नाही. तालुक्याच्या संघात तिचं नाव आलं होतं. अब्बा शांतपणे म्हणाले, "सर, खेळायला आमची ना नाही. पण पुढे मोठ्या स्पर्धेत स्कार्फ काढायला लावतात म्हणे. मग आत्तापासून तिला आस कशाला लावायची? नाव कमी करा." आमच्याकडे त्या दिवशी पक्कं उत्तर नव्हतं. "माहिती काढून सांगतो," एवढंच म्हणालो.

माहिती काढली आणि लक्षात आलं, की अब्बांनी ऐकलेलं खरं होतं, पण जुनं होतं. नियम २०१७ मध्येच बदलला आहे, आणि ही खबर आपल्या बऱ्याच घरांत अजून पोचलेली नाही. म्हणून आज थोडं सविस्तर लिहितो आहोत. आधी मुलामुलींचा हा विश्वचषक म्हणजे काय ते, मग स्कार्फचा नियम, आणि शेवटी आपल्या गावातून तिथपर्यंतचा रस्ता.

स्पर्धा नेमकी काय आहे?

क्रिकेटला जशी आयसीसी, तशी बास्केटबॉलला 'फिबा'. ही संघटना मोठ्यांच्या विश्वचषकाबरोबर लहानांचेही दोन विश्वचषक भरवते. एक १७ वर्षांखालचा, दुसरा १९ वर्षांखालचा. दोन्हींत मुलांची आणि मुलींची स्पर्धा वेगवेगळी होते. इथे क्लब किंवा शाळा खेळत नाहीत, देशाचे संघ खेळतात. म्हणजे दहावी-अकरावीच्या वयाचं पोर देशाची जर्सी घालून मैदानात उतरतं.

१७ वर्षांखालची स्पर्धा २०१० मध्ये सुरू झाली. मुलांची पहिली स्पर्धा जर्मनीत हॅम्बुर्गला झाली, मुलींची फ्रान्समध्ये. तेव्हापासून ती दर दोन वर्षांनी होते. २०२० ची मात्र कोरोनामुळे रद्द झाली. २०१४ मध्ये मुलांची स्पर्धा दुबईला झाली होती. आज अमेरिकेच्या एनबीएमध्ये ज्याचं मोठं नाव आहे तो जेसन टेटम तेव्हा त्या मुलांत खेळत होता. २०२४ ची स्पर्धा इस्तंबूलला झाली. तिथे अमेरिकेने अंतिम सामन्यात इटलीला हरवलं आणि यजमान तुर्कस्तानच्या मुलांनी कांस्यपदक मिळवलं.

२०२४ पर्यंत मुलांच्या सात स्पर्धा झाल्या आणि सातही अमेरिकेने जिंकल्या. मुलींमध्येही अमेरिकाच पुढे आहे, फक्त २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मुलींनी बाजी मारली. पण १९ वर्षांखालच्या गटात अमेरिकेला धक्के बसतात. २०१७ मध्ये कैरोत झालेल्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कॅनडाने अमेरिकेला ९९-८७ असं हरवलं. त्या सामन्यात आर. जे. बॅरेट या १७ वर्षांच्या मुलाने एकट्याने ३८ गुण केले, आणि पुढे कॅनडाने चषकही नेला.

सामने कसे होतात?

सोळा संघ असतात. चार-चारचे चार गट. गटात प्रत्येकाशी एक असे तीन सामने. पण गटात शेवटचा आलेला संघही घरी जात नाही. सगळे सोळा संघ पुढच्या बाद फेरीत जातात, आणि तिथे हरलेले संघही नवव्या, तेराव्या अशा क्रमांकांसाठी खेळत राहतात. त्यामुळे प्रत्येक संघाच्या वाट्याला सात सामने येतात. आम्हाला शिक्षक म्हणून ही पद्धत फार आवडली. एक सामना हरला आणि पोराची बॅग भरली, असं होत नाही. हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायला शिकवणं, हा मुलांच्या स्पर्धेचा अर्धा उद्देश असतो.

संघात १२ खेळाडू, मैदानात एका वेळी पाच. दहा मिनिटांचा एक असे चार भाग. चेंडू हातात आल्यावर २४ सेकंदांत बास्केटच्या दिशेने फेकावाच लागतो. एका खेळाडूचे पाच फाउल झाले की तो त्या सामन्यातून बाहेर.

वयाचा नियम आणि कागदपत्रं

इथे पालकांनी नीट लक्ष द्यावं. वय स्पर्धेच्या दिवशीचं मोजत नाहीत, जन्माचं वर्ष पाहतात. २०२४ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००७ किंवा त्यानंतरचा जन्म हवा होता. ३१ डिसेंबर २००६ ला जन्मलेलं मूल एका दिवसासाठी बाहेर. उलट, जानेवारीत जन्मलेल्या मुलाला त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जन्मलेल्यापेक्षा वाढीचे अकरा महिने जास्त मिळालेले असतात. म्हणून डिसेंबरचं मूल चौदाव्या वर्षी थोडं मागे दिसलं तर ते कमी आहे असं समजू नये.

कागदपत्रांचा प्रश्न तर आपल्या घरांत नेहमीचाच. शेख या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, शाळेच्या रजिस्टरला तिसरं. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे अर्धं. वडिलांचं नाव मधे आहे की नाही याचाही पत्ता नसतो. परदेशात खेळायचं तर पासपोर्ट लागतो, आणि पासपोर्टला सगळं एकसारखं लागतं. नुसत्या नावाच्या घोळामुळे पोरांची संधी हुकलेली आम्ही पाहिली आहे, आणि तीही फक्त जिल्ह्याच्या पातळीवर. मूल खेळणारं असो वा नसो, पाचवीत असतानाच हे दुरुस्त करून घ्या.

मालीच्या पोरांची गोष्ट

"ही अमेरिका-युरोपची कामं, आपलं काय?" असं म्हणणाऱ्यांना आम्ही मालीची गोष्ट सांगतो. पश्चिम आफ्रिकेतला हा देश. तिथली ९० टक्क्यांहून अधिक वस्ती मुसलमानांची. गरिबी मोठी, वरून अनेक वर्षं चाललेला हिंसाचार. २०१९ मध्ये ग्रीसच्या हेराक्लिऑन शहरात १९ वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला. मालीचा संघ एक एक सामना काढत उपांत्य फेरीत पोचला, तिथे फ्रान्सला हरवलं आणि अंतिम सामन्यात अमेरिकेसमोर उभा राहिला. सामना ९३-७९ असा हरले, पण रुपेरी पदक घेऊन गेले. फिबाच्या जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा तो आफ्रिकेतला पहिला संघ.

दोन वर्षांनी हंगेरीत त्याच वयोगटाच्या मुलींचा विश्वचषक झाला. तिथे मालीच्या मुलींनी चौथा क्रमांक मिळवला. म्हणजे हे यश एकट्यादुकट्याचं नव्हतं. मुलं आणि मुली, दोघांनाही घडवणारी माणसं तिथे होती.

स्कार्फचा नियम: काय होता, काय झाला

आता अब्बांच्या प्रश्नाकडे येऊ. फिबाच्या जुन्या नियमात डोक्यावर काही घालायला मनाई होती. केस आवरायला पाच सेंटिमीटर रुंदीची पट्टी तेवढी चालायची. कारण दिलं जायचं ते दुखापतीचं. नियम एका धर्मासाठी लिहिलेला नव्हता, पण त्याचा मार कोणाला बसला ते पाहा.

जुलै २०१४ मध्ये चीनच्या वुहान शहरात आशियाई स्पर्धा होती. भारताच्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग या दोन शीख खेळाडूंना पगडी काढून खेळायला सांगितलं गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दक्षिण कोरियातल्या इंचॉनला आशियाई खेळ झाले. कतारच्या मुलींना हिजाब काढायला सांगितलं. त्यांनी नकार दिला, मंगोलियाविरुद्धचा सामना सोडून दिला आणि स्पर्धेतून माघार घेतली.

अमेरिकेत बिल्कीस अब्दुल कादिर नावाची खेळाडू होती. ती स्प्रिंगफील्डची, म्हणजे १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने जिथे हा खेळ शोधून काढला त्याच गावची. शाळेत असताना तिने ३,०७० गुण केले. मॅसॅच्युसेट्स राज्यात मुलगा असो वा मुलगी, शालेय बास्केटबॉलमध्ये तोवर कोणीच इतके गुण केले नव्हते. विद्यापीठातही ती स्कार्फ घालून खेळली, कारण तिथले नियम वेगळे होते. पुढे परदेशात व्यावसायिक खेळायला निघाली तेव्हा फिबाचा नियम आडवा आला. तिने खेळ सोडून नियमाविरुद्धचा लढा हाती घेतला. तिच्यासारख्या इतरही खेळाडू पुढे आल्या, शीख खेळाडूंच्या बाजूने बोलणारेही होते. फिबाने आधी काही काळ सूट देऊन पाहिली. मग मे २०१७ मध्ये हाँगकाँगच्या अधिवेशनात नियम बदलला, आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून नवा नियम लागू झाला. तोवर बिल्कीसची खेळायची ऐन वर्षं निघून गेली होती.

आज डोकं झाकून खेळता येतं. अटी साध्या आहेत:

- २०१७ च्या नियमात रंग काळा, पांढरा किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचा हवा होता. एका संघात ज्या ज्या मुली स्कार्फ घालतील त्या सगळ्यांचा रंग एकच हवा.
- चेहरा झाकला जाता कामा नये. डोळे, नाक, ओठ मोकळे हवेत.
- चेहऱ्याजवळ किंवा गळ्याजवळ पिन, बटण, गाठ, बंद असं काही नको. बाहेर लोंबणारा भागही नको. म्हणजे घरातली ओढणी चालणार नाही, डोक्यातून घालायचा ताणता येणारा स्पोर्ट्स हिजाब लागेल.
- हात-पाय झाकायला अंगाला घट्ट बसणाऱ्या बाह्या आणि लेगिंग घालता येतात. त्यांनाही रंगाची अट आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. फिबाने दार उघडलं म्हणजे सगळीकडची दारं उघडली असं नाही. डिआबा कोनाटे ही फ्रान्सच्या युवा संघाची खेळाडू. २०१८ च्या युवा ऑलिम्पिकमध्ये तीन-तीनच्या बास्केटबॉलमध्ये फ्रान्सने रुपेरी पदक मिळवलं, त्या संघात ती होती. पुढे ती हिजाब घालू लागली. २०२२ च्या अखेरीस फ्रान्सच्या महासंघाने आपल्या देशातल्या स्पर्धांत डोकं झाकायला बंदी घातली, आणि स्वतःच्याच देशात खेळायची तिची वाट बंद झाली. म्हणून आपल्या मुलीला ज्या स्पर्धेत पाठवायचं आहे तिथले नियम आधी विचारून घ्यावेत. ऐकीव माहितीवर "नाही" म्हणू नये आणि ऐकीव माहितीवर "हो"ही म्हणू नये.

आपल्याकडे हा खेळ नवा नाही

बास्केटबॉल आणि आपल्या समाजाचं नातं जुनं आहे. मुंबईतला नागपाडा आठवा. दाटीवाटीच्या त्या मोहल्ल्यातल्या नेबरहूड हाऊसच्या आणि मस्तान वायएमसीएच्या मैदानांवर पिढ्यान् पिढ्या पोरं हा खेळ शिकली. त्यांना घडवणाऱ्या बच्चू खान उस्तादांच्या नावाचं मैदान आजही तिथे आहे. तिथूनच अब्बास मुन्तसिर पुढे आले, भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. मैदान लहान, घरं त्याहून लहान, तरी तिथून देशाच्या संघापर्यंत वाट निघाली.

गावापासून विश्वचषकापर्यंतचा रस्ता

भारत अजून १७ वर्षांखालच्या विश्वचषकात पोचलेला नाही. कारण वाट कठीण आहे. आधी दक्षिण आशियातली पात्रता, मग १६ वर्षांखालचा आशिया चषक, आणि तिथल्या पहिल्या चार संघांनाच विश्वचषकाचं तिकीट. त्यात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडही आशियाच्या गटातच खेळतात. २०२४ च्या मुलांच्या स्पर्धेसाठी हे दोघे आणि चीन, फिलिपिन्स असे चार संघ गेले. तरी आपल्या मुली पुढे सरकत आहेत. २०१७ मध्ये बंगळुरूला १६ वर्षांखालच्या आशियाई स्पर्धेचा ब गट जिंकून त्या अ गटात गेल्या.

आपल्या मुलांसाठी सुरुवात शालेय स्पर्धेपासून होते. १४, १७ आणि १९ वर्षांखाली असे तीन गट असतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या. त्याशिवाय जिल्हा संघटनेच्या निवड चाचण्या वेगळ्या होतात. चौकशी शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा. देशाच्या संघापर्यंत फार थोडे जातात, हे खरं. पण वरच्या पातळीवर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीत वाढीव गुणांची सवलत आहे, आणि महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. "खेळात वेळ वाया जातो" म्हणणाऱ्या वालिदैननी हाही हिशोब मांडून पाहावा.

त्या मुलीच्या अब्बांना आम्ही पुन्हा बोलावलं. नियम मराठीत लिहून कागद हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला. "घरी तिच्या अम्मीला दाखवतो," म्हणाले. नाव अजून कमी केलेलं नाही. मुलगी सकाळी साडेसहाला मैदानावर येते, आणि स्कार्फला पिन लावत नाही, डोक्यातून घालायचा शिवून घेतला आहे. पुढचं पुढे. पण तिच्या वाटेत आता निदान नियमाचा अडसर नाही, एवढं तिला आणि तिच्या घरच्यांना माहीत आहे. तुमच्या ओळखीत अशी मुलगी असेल, तर तिच्या घरीही हे सांगा.