झडती की लस? परळच्या प्रयोगशाळेची साक्ष

सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. मांडवी ही बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची दाट वस्ती. रोगाने नेमके तिथेच ठाण का मांडले, हे शास्त्राला पटायला पुढे दहा वर्षे लागली. त्या काळात सरकारने काय केले आणि आज हाफकिन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेने काय केले, हे भिवंडीकरांनी तरी नीट पाहायला हवे. मुंबईचा माल आज भिवंडीच्या गोदामांत उतरतो आणि यंत्रमागांच्या आसऱ्याने हजारो कामगार दाटीने राहतात. साथ आटोक्यात येते ती रोगाच्या ज्ञानाने आणि लोकांच्या विश्वासाने. दोन्ही नसतील तर सक्ती साथीला मदतच करते.

सरकारने आधी सक्तीच निवडली. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा झाला आणि मार्चमध्ये जनरल गटॅकर यांच्याकडे मुंबईच्या प्लेग समितीची सूत्रे आली. घरोघरी झडत्या सुरू झाल्या. रुग्णांची रवानगी इस्पितळात आणि घरच्यांची छावणीत होऊ लागली. कल्याण स्थानकावर प्रवाशांना उतरवून तपासले जाई. परिणाम उलटा झाला. लोक रुग्णांना लपवू लागले आणि लाखोंनी शहर सोडले. मार्च 1898 मध्ये मदनपुऱ्यातल्या विणकरांच्या वस्तीतून एका आजारी मुलीला नेण्याचा प्रयत्न झाला. त्यातून दंगल उसळली आणि माणसे प्राणाला मुकली. ते विणकर उत्तरेतून आलेले होते. भिवंडीतल्या अनेक मोमीन घराण्यांचे मूळही तिकडचेच आहे.

याच सुमारास जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन वेगळ्या वाटेने चालले होते. ऑक्टोबर 1896 मध्ये ते मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत कामाला लागले. मांसाच्या काढ्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांनी जंतू वाढवले, उष्णतेने ते मारले आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली. टोचलेल्यांत रोग आणि मृत्यू दोन्ही कमी आढळले. इस्माइली खोजांचे धर्मगुरू आगाखान यांनी लोकांसमोर लस घेतली, तेव्हा अनेकांची भीती सरली. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. पुढे प्लेग संशोधनाचे काम तिथेच चालले. त्यात चिकट कागदाने वेढलेल्या पिंजऱ्यांतले प्राणी वाचले, कारण पिसवा कागदाला चिकटल्या. उघड्या पिंजऱ्यांतले प्राणी मात्र मेले. उंदरावरच्या पिसवा हा रोग माणसापर्यंत आणतात, हे फ्रेंच संशोधक पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत मांडले होते, पण तेव्हा फारसे कोणी मानले नव्हते. वखारींत धान्य, धान्याला उंदीर, उंदरांना पिसवा अशी मांडवीच्या प्लेगची साखळी होती.

यावर कोणी म्हणेल, 1896 मध्ये हे ठाऊक नव्हते, मग सरकारला दोष कशाला? अज्ञान क्षम्य आहे. पण झडत्यांमुळे रुग्ण लपवले जातात, हे पहिल्या वर्षीच दिसले होते, आणि ते समजायला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लस निघाली, पिसू सापडली, तरी देशात प्लेगने कोटीभर माणसे मारली. हे खरेच. लसीचे संरक्षण अपुरे होते आणि 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी दूषित लसीमुळे 19 जण धनुर्वाताने गेले. त्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि ते निर्दोष ठरायला 1907 उजाडले, तोवर लोकांच्या विश्वासाला मोठा तडा गेला होता. म्हणजे विश्वास हा उपचाराइतकाच जपावा लागतो, हे या आक्षेपातूनच सिद्ध होते.

1994 मध्ये सुरत या दुसऱ्या कापडनगरीत प्लेगची बातमी पसरली आणि कामगार पुन्हा गाड्या भरून पळाले. 1897 चा कायदा तर 2020 मध्येही वापरला गेला. कायदा हाताशी असावा, अलगीकरणाचीही कधी गरज पडते. पण भिवंडीची खरी तयारी साथ नसतानाच व्हायला हवी. गोदामांतल्या उंदरांचा बंदोबस्त, वस्तीतला कचरा रोज उचलणे, आणि मागवाल्यांना त्यांच्या भाषेत समजावणारा, ओळखीचा आरोग्यसेवक ही तिची अंगे आहेत. एवढे झाले, तर आजारी माणूस स्वतःहून दवाखान्यात येईल. महापालिकेने आपले यश त्यावरूनच मोजावे.